अनंताच्या लिनक्सला घर शोधताना

देवरुखातून मुंबईला गेलेलं माणूस परत आलं की त्याला दोनच प्रश्न विचारतात: समुद्र बघितलास का, आणि कुणी नट दिसला का. मला समुद्रही दिसला नाही आणि नटही नाही. मी मुलुंड, मालाड, अंधेरी आणि घाटकोपर एवढंच फिरले. तिथं जे बघितलं ते सांगायला लागले की शेजारपाजारची माणसं हळूच विषय बदलतात, म्हणून आता लिहूनच काढते. ज्यांना खोटं वाटेल त्यांनी जाऊन बघावं.

आधी कशाला गेले ते सांगते. माझा धाकटा भाऊ अनंत वकील आहे. चाळिशीत साखरेनं त्याची दृष्टी नेली. वकिली संपली असं सगळ्यांनीच धरलं होतं, तेव्हा एका ओळखीच्या मास्तरांनी त्याच्या लॅपटॉपवर लिनक्स घालून दिलं. कॉम्प्युटर चालू झाल्यावर त्याला चालवणारी जी मूळ व्यवस्था असते, तिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. बहुतेकांच्या मशीनवर ती एखाद्या कंपनीची असते. आत काय आहे ते आपल्याला दाखवत नाहीत आणि आपण विचारतही नाही. लिनक्स मात्र जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलंय. कुणीही घ्यावं, उघडून बघावं, हवं तसं बदलावं. अनंता स्कॅनरवर कागद ठेवतो आणि लॅपटॉपातला एक गृहस्थ नाकात बोलल्यासारखा तो कागद मराठीत वाचून दाखवतो. त्या आवाजात माया नाही की ममता नाही, पण अनंता त्याच्या भरवशावर कोर्टात उभा राहतो. हे सगळं टेबलावरच्या टेबलावर घडतं, त्याला इंटरनेट लागत नाही. पक्षकाराचा कागद आमच्या घराबाहेर जात नाही. अनंताच्या दृष्टीनं हेच सगळ्यात महत्त्वाचं.

पोस्टातून निवृत्त झाल्यापासून मी त्याच्या हाताखाली आहे. तारखा सांभाळायच्या, कागद लावायचे, लॅपटॉप अडला की समोर बसून बघायचं. उन्हाळ्यापासून तो लॅपटॉप फारच अडायला लागला. तापायचा आणि वाचता वाचता बंद पडायचा. नवीन लिनक्स त्यावर चढेना, कारण इतक्या जुन्या चिपसाठी आता कुणी ते बनवतच नाही. शेवटी अनंता म्हणाला, "ताई, दिवाळीपर्यंत सोय झाली नाही तर मी केसेस दुसऱ्या कुणाला देऊन टाकतो. पक्षकारांना ताटकळत ठेवण्यात अर्थ नाही." तो हे अगदी साध्या आवाजात म्हणाला. दुसऱ्याच आठवड्यात मी पर्समध्ये पेनड्राइव्ह टाकून निघाले. त्या पेनड्राइव्हमध्ये आमचं अख्खं लिनक्स आहे. नारळ घेताना हलवून बघतात तसं आम्ही कुठलंही मशीन दिसलं की आधी पेनड्राइव्ह लावून बघतो. आतला गृहस्थ बोलला की मशीन चांगलं.

मुलुंड

माझी चुलतबहीण सुनंदा मुलुंडला राहते. तिचे सासरे गिरणीत होते आणि हे सगळे लालबागच्या एका खोलीत राहायचे. आता ती अशा उंचीवर राहते की गॅलरीतून डोंगर खाली बघावा लागतो. डोंगर मात्र छान आहे, अगदी आपल्याकडचा वाटतो. मी तिथंच खुर्ची टाकून बसले असते तर बरं झालं असतं, कारण पहिला धक्का मला त्या घराच्या दारानंच दिला.

कोथिंबीर आणायला खाली जाताना मी विचारलं, "सुनंदा, चावी कुठाय?"

"चावी नाही गं आमच्याकडे. बोट लावायचं."

मी दार ओढून घेतलं आणि गेले. परत येताना बोट लावलं. दार मला ओळखेना. माझं बोट त्याच्यात नोंदवलेलंच नव्हतं. सुनंदा आंघोळीला गेलेली, बेल ऐकू जाईना. कोथिंबिरीची जुडी मांडीवर घेऊन मी जिन्यात बसून राहिले. येणारी-जाणारी माणसं मला भाजीवाली समजून भाव विचारत होती. आमच्याकडे दाराला कडी असते आणि ती आतून मांजरसुद्धा काढतं.

संध्याकाळी बांगड्याचं तिखलं होतं. जेवता जेवता मालिका ऐन भांडणात आली आणि टीव्ही थांबला. पडद्यावर आलं की मी स्वतःला अद्ययावत करतो आहे, कृपया थांबा. सुनंदाचे यजमान प्रकाशराव मूळचे मालवणचे. त्यांनी रिमोट बाजूला ठेवला आणि शांतपणे काटे काढायला घेतले.

"आता तो कोणाचा आयकणा नाय," ते म्हणाले.

"अहो, पण टीव्ही तुमचा आहे ना?"

"भिंत आमची," प्रकाशराव म्हणाले. "टीव्हीचा आमका ठाऊक नाय."

टीव्ही परत चालू झाला तेव्हा बारीक अक्षरांचं एक लांबलचक पान उघडलं. पोस्टात आयुष्य गेल्यामुळे बारीक अक्षरं सोडायची मला सवय नाही. हात धुऊन मी अगदी जवळ जाऊन वाचायला लागले आणि तिसऱ्या-चौथ्या ओळीत थबकले. लिनक्स. पुढं पुन्हा लिनक्स. ह्या टीव्हीत अमुक तमुक मुक्त सॉफ्टवेअर वापरलं आहे, त्याच्या लेखकांचे आभार वगैरे. मी ओरडलेच म्हणा ना. पर्समधून पेनड्राइव्ह आणला आणि टीव्हीच्या मागच्या भोकात खुपसला. टीव्हीनं मला विचारलं, सहलीचे फोटो दाखवू का?

सुनंदाची मुलगी रेवती हसून हसून सोफ्यावर आडवी झाली. ती अंधेरीला कॉम्प्युटरच्याच कामात आहे. "मावशी, तुझं लिनक्स टीव्हीत आहे, वायफायच्या डब्यात आहे, माझ्या फोनच्या पोटात पण तेच आहे. दाराच्या कुलपात पण निघेल."

"मग एवढं आहे तर अनंताला ह्यातलं काहीही चालेल की गं."

"नाही चालणार ना. आहे, पण आपल्याला हात लावता येत नाही. वरून सगळं सील."

मला हे पचायला बराच वेळ लागला. ज्या लिनक्ससाठी मी एवढी लांब आले ते ह्या घरात चार ठिकाणी होतं, आणि आम्हाला एका ठिकाणीही उपयोगाचं नव्हतं. गावभर आपलेच सोयरे, पण एकाही दारात पाणी कुणी विचारत नाही, अशी गत. अनंता म्हणायचा, लिनक्स जिंकणार आहे बघ. जिंकलं की खरंच, आणि कुणाला पत्ताही लागला नाही.

मालाड

दुसऱ्या दिवशी रेवतीनं मला मालाडच्या एका दुकानाचा पत्ता दिला. तिथं मोठमोठ्या ऑफिसांचे वापरलेले लॅपटॉप विकायला येतात. मुलुंडहून मालाडला जायचं म्हणजे मधल्या डोंगराला वळसा घालायचा. बस पवईच्या तलावाजवळून गेली. पाणी छान चमकत होतं आणि बसमधलं एकही माणूस त्याच्याकडे बघत नव्हतं. मी बघत होते तर शेजारच्या बाईनं विचारलं, "काय झालं? ॲक्सिडेंट?"

दुकानदार जिग्नेशभाई हा गोरा, गोल, हसरा माणूस. मी अनंताची हकीकत सांगितली, मोठ्या स्क्रीनचा, दणकट लॅपटॉप पाहिजे म्हटलं. त्यांनी फडताळ उघडलं. चंदेरी, पातळ, ओरखडासुद्धा नसलेले लॅपटॉप वखारीत फळ्या रचाव्यात तसे रचले होते. मला तर देवच पावला असं वाटलं. एक घेतला, पेनड्राइव्ह लावला, बटण दाबलं. पडद्यावर कुलपाचं चित्र आणि खाली ओळ: हे मशीन एका संस्थेच्या मालकीचं आहे, परवलीचा शब्द द्या. दुसरा घेतला, तेच. तिसराही तसाच.

"मॅडम, ये पूरा लॉट असाच आहे," जिग्नेशभाई म्हणाले. "कंपनीने माल दिया, लॉक काढला नाय. मेल केला, फोन केला, तिकडे कोण उचलतच नाय."

"मग तुम्ही ह्यांचं करणार काय?"

त्यांनी मागच्या खोलीचा पडदा सरकवला. तिथं एकजण स्क्रूड्रायव्हर घेऊन बसला होता आणि एकेक लॅपटॉप सोलत होता. एका बाजूला स्क्रीनची चळत, एका बाजूला बॅटऱ्या. उरलेलं पोत्यात.

"हा चांगला आहे हो," मी म्हटलं. माझा आवाज चढला असावा. "हा चालतोय. मी आत्ता चालू केला."

"चालतो ना. पण उघडत नाय. न उघडणारा लॅपटॉप मुर्दा समजायचा."

आमच्या घरी मिक्सर बिघडला तर त्याच्या भांड्यात तुळस लागते. सासूच्या लुगड्याची गोधडी होते आणि गोधडीचं पायपुसणं. मोडलेलंही फेकायचं नसतं एवढंच मला ठाऊक होतं. धडधाकट वस्तू किल्ली हरवली म्हणून तोडतात हे मी पहिल्यांदा बघत होते. मला रडू आलं असतं, पण जिग्नेशभाईंनी चहा मागवला आणि कपाला साय आलेली बघून मी स्वतःला सावरलं. बाकीचं दुकान फोनांचं आणि टॅबलेटचं होतं. त्यांच्यावर लिनक्स चढेल का विचारल्यावर ते म्हणाले, "वो तो और टाइट. उसको तो आप दिवाली तक घूरते रहो." त्यांना बिचाऱ्यांना दिवाळीचं काय ते माहीत नव्हतं, पण मला ती चहा पिता पिता टोचली.

अंधेरी

रेवती म्हणाली, मावशी, तू आता माझ्या ऑफिसला ये, तिथं कुणीतरी काहीतरी सांगेल. घाटकोपरहून मेट्रो पकडली आणि तिच्या इमारतीपाशी उतरले. काचेची इमारत. लिफ्टमध्ये शिरले, दार बंद झालं, आणि मी बटण शोधायला लागले तर लिफ्टमध्ये बटणंच नाहीत. एकही नाही. चारी बाजूंनी गुळगुळीत भिंत. मी घाबरून भिंती चाचपत असताना लिफ्ट भलत्याच मजल्यावर थांबली आणि बाहेरच्या दोन पोरी माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. मग कळलं की मजला बाहेरच सांगायचा असतो. आत शिरल्यावर माणसाला काही मत नसतं.

रेवतीच्या ऑफिसात ओळीनं टेबलं होती आणि प्रत्येक टेबलावर पडदा आणि कळफलक. मी खाली वाकून बघितलं. कॉम्प्युटर कुठंच नाही. पडद्यामागं साबणाच्या वडीएवढी एक डबी चिकटवलेली, बस.

"रेवती, तुमचे कॉम्प्युटर कुठायत?"

"लांब कुठंतरी आहेत. आपण इथून नुसतं बघतो. टीव्हीसारखं."

"लांब म्हणजे कुठं? पुण्याला?"

"माहीत नाही गं. हैदराबाद असेल, परदेशात असेल. काय फरक पडतो?"

एवढी शिकलेली मुलगी दिवसभर ज्या यंत्रावर काम करते ते यंत्र कुठल्या देशात आहे हे तिला ठाऊक नाही, आणि त्यात काही वावगं आहे असंही तिला वाटत नाही. आमच्या पोस्टात निदान शिक्का कुठल्या खणात आहे ते तरी माहीत असायचं.

पण मुलगी गुणी. स्वतःचा नवाकोरा लॅपटॉप तिनं माझ्यासाठी पिशवीतून आणला होता. त्याची चिप फोनच्या जातीची, नव्या पद्धतीची, त्यामुळं माझा पेनड्राइव्ह त्याला चालेना. तिच्या ऑफिसमधल्या एकानं त्या जातीचं लिनक्स उतरवून दिलं. बटण दाबलं आणि काय सांगू, झर्रकन चालू झालं. चित्र आलं, बाण हलला, मराठी अक्षरं आली. मी टाळ्या वाजवायच्या बेतात होते, तेवढ्यात लक्षात आलं की गृहस्थ बोलत नाहीये. आवाज वाढवला, दुसरं कानात घालायचं यंत्र लावून बघितलं, काही नाही. त्या मुलानं बरीच खटपट केली आणि मान हलवली. ह्या मशीनचा आवाजाचा भाग कसा चालतो ते कंपनीनं कुणाला सांगितलेलं नाही, लोक अंदाजानं शोधताहेत, होईल कधीतरी. बाकी सगळं चालतंय, फक्त आवाज नाही, असं तो मला समजावत होता. आंधळ्याला मुका कॉम्प्युटर.

तेव्हा रेवतीनं शेवटचा उपाय काढला. तिचा टॅबलेट. पिशवीत विजेचं बिल होतं, त्यावर तिनं टॅबलेट धरला. आणि अहो, काय तो आवाज. गोड, स्वच्छ, थांबायचं तिथं थांबणारा, एखाद्या समजूतदार सुनेनं वाचून दाखवावं तसा. मी तिथल्या तिथं अनंताला फोन लावला.

"सापडलं रे. तुझ्या त्या नाकात बोलणाऱ्यापेक्षा शंभर पटीनं चांगलं वाचतंय."

त्यानं तो आवाज पुन्हा एकदा ऐकवायला लावला. मग म्हणाला, "नेट बंद करून वाचायला सांग."

रेवतीनं नेट बंद केलं आणि पुन्हा बिलावर धरलं. टॅबलेट म्हणाला, इंटरनेट जोडा.

"म्हणजे कागद बाहेर गेला," अनंता म्हणाला.

"अरे, विजेचं बिल होतं रेवतीचं."

"आज बिल आहे. उद्या कुणाचा नवरा कुणाला काय करतो ते असेल. ते मी कुणाच्या कॉम्प्युटरला वाचायला देऊ? कुठं आहे तो, विचार जरा तिला."

मी रेवतीकडे बघितलं. तिनं खांदे उडवले. "काही गोष्टी आतल्या आत होतात, काही बाहेर जातात. कुठलं काय, ते आपल्याला कळत नाही, मावशी."

"ताई, नाही जमलं तर नाही," अनंता फोनवर म्हणाला. "परत ये. मी बोलतो कुणाशी तरी केसेसचं." आणि त्यानं फोन ठेवला. उपाहारगृहात जेवायला गेलो तर तिथंही फोनवरच मागवायचं, वाढणारं माणूस नाही. एका खणाचं दार आपोआप उघडलं आणि आत माझी उसळ होती. ती मी टाकली, आयुष्यात पहिल्यांदा.

घाटकोपर

आता एकच जागा उरली होती. लिनक्सवाल्यांचा एक गट घाटकोपरला महिन्यातल्या एका रविवारी जमतो, हे मला मास्तरांकडून कळलं होतं. पंतनगरातल्या एका सोसायटीच्या ऑफिसात मी गेले. मोठी सभा असेल, आपल्याला मागं उभं राहावं लागेल असं वाटत होतं. आत पाचसहा माणसं, एक टेबल, आणि टेबलावर मशीनं. मशीनं म्हणजे काय? एक घड्याळ, एक टीव्हीला लावायचा डबा, आणि जमिनीवर आपोआप फिरून झाडणारा गोल यांत्रिक झाडू. तो झाडू घेऊन आलेले आजोबा सांगत होते की कंपनीनं धंदा बंद केला, तिचा लांबचा कॉम्प्युटर बंद झाला, त्या दिवसापासून हा जागचा हलत नाही. झाडू घाटकोपरात, धूळ घाटकोपरातली, आणि परवानगी कुठून तरी लांबून यायची होती. मी कपाळावर हात मारला.

गटाचा म्होरक्या मिलिंद परुळेकर, पंचेचाळिशीचा, अर्धे केस पिकलेला. अनंताचं नाव ऐकल्यावर तो उठूनच उभा राहिला. "देवरुखचे वकील? ते मला कळवतात ना, कुठला शब्द चुकीचा वाचला ते. कोर्टातले सगळे शब्द त्यांच्यामुळं सुधारले."

"म्हणजे तो नाकात बोलणारा तुम्ही?"

"आवाज माझा नाही हो, ताई. मराठी मी शिकवली त्याला. नाकाचं राहिलंय, वेळच मिळत नाही."

मला फार आनंद झाला. इतकी वर्षं आमच्या घरात बोलणाऱ्या माणसाचा गुरू समोर उभा. कौतुकानं विचारलं, नोकरी कुठं करता?

"अंधेरीला. आम्ही टीव्हीचे डबे, टॅबलेट वगैरेचं आतलं काम करतो. माझं काम म्हणजे, मशीन चालू होताना आतली सिस्टीम कंपनीचीच आहे ना, ते तपासायचं. दुसरं काही असलं तर चालू होऊ द्यायचं नाही."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "म्हणजे ते कुलूप? ते तुम्ही करता?"

"आमची टीम करते."

इतके दिवस त्या कुलपांना शिव्या घालत मी फिरत होते, आणि ती घालणारा माणूस मला बिस्किटं देत होता. मी बिस्कीट ताटलीत परत ठेवलं. कुंपणच शेत खातं म्हणतात ते हेच, असं मी त्याच्या तोंडावर म्हटलं. मिलिंदला राग आला नाही, त्याचंच मला नवल वाटलं.

"ताई, कुलूप वाईट नसतं. चोर शिरू नये म्हणून ते लागतंच. पण किल्ली घरमालकाला द्यायची का, हे ज्या मीटिंगला ठरतं तिथं मला बोलवत नाहीत. कामाच्या दिवशी मी ते करतो, रविवारी हे करतो. घर त्याच्यावर चालतं यार, काय करू?"

"मग आमच्या अनंतानं काय करायचं? तुमच्या लिनक्सचं पुढं काय होणार आहे?"

"ते मरणार नाही. उलट सगळ्यात तेच असेल. फ्रिजमध्ये, गाडीत, कानातल्या यंत्रात. पण वस्तू तुमची नसेल. बसून वापरायचा कॉम्प्युटर हळूहळू जाणार, आणि आपण अजून तोच शोधतोय." तो थांबला. "साधा, उघडा लॅपटॉप शोधला तर अजून मिळतो. शोधून देईन मी. कसा पाहिजे?"

"मोठ्या स्क्रीनचा," मी म्हटलं.

मिलिंदनं माझ्याकडे बघितलं. "वकीलसाहेबांना अजिबात दिसत नाही ना?"

"नाही."

"मग स्क्रीन कशाला?"

मुलुंडपासून अंधेरीपर्यंत मी प्रत्येकाला मोठ्या स्क्रीनचा म्हणून सांगत फिरले होते. एका आंधळ्या माणसासाठी. जिग्नेशभाईंनी विचारलं नाही, रेवतीनं विचारलं नाही, आणि देवाशप्पथ, आमच्या घरात इतक्या वर्षांत कुणाच्या डोक्यात आलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

त्यानं कपाटातून एक हिरवी पट्टी काढली. हाताच्या तळव्यात मावेल एवढी, वर चिपा आणि कडेला भोकं. "हा बोर्ड. पूर्ण कॉम्प्युटर आहे. शिकणाऱ्यांसाठी, खटपट करणाऱ्यांसाठी बनवतात, म्हणून ह्याला कुणी कुलूप घालत नाही. ह्याच्यावर काय चढवायचं ते तुम्ही ठरवायचं." त्यानं त्यावर लिनक्स चढवलं, तो एका प्लास्टिकच्या डबीत बसवला, कळफलक जोडला, कानातलं यंत्र माझ्या हातात दिलं. पडदा कुठंच नव्हता. मी ते कानात घातलं, आणि आमचा गृहस्थ नाकात म्हणाला, "तयार आहे." मग सोसायटीच्या भिंतीवरची नोटीस काढून तिथल्याच स्कॅनरवर ठेवली. नेटची वायर मिलिंदनं माझ्या डोळ्यांदेखत ओढून काढली. पाण्याच्या टाकीच्या साफसफाईबद्दलची ती नोटीस मी अखेरपर्यंत ऐकली. इतकी रसाळ नोटीस मी पोस्टात असतानाही वाचली नव्हती. डोळे पुसायला रुमाल सापडेना, म्हणून पदर लावला.

मग सगळ्यांनी मला खाऊगल्लीत नेलं. तिथं डोशात चीज, शेजवान सॉस आणि वर किसलेलं बीट घालतात, हाही एक धक्काच. पण माझ्यातला अर्धा मी मिलिंदला दिला आणि उरलेला पुरता खाल्ला. राग गेला होता असं नाही, पण अनंताची वकिली त्यानंच वाचवली होती.

देवरुख

अनंतानं डबी हातात घेऊन बराच वेळ चाचपली. "एवढीच?" असं दोनदा विचारलं. स्कॅनरची बटणं मी त्याला बोटांनी दाखवली, पहिला कागद त्यानं स्वतःच लावला, दुसरा उलटा लावला, तिसऱ्यापासून त्याला माझी गरज लागली नाही. संध्याकाळपर्यंत तो कानात यंत्र घालून बसला होता आणि मधूनच स्वतःशी हसत होता. केसेस देऊन टाकायचं त्यानं पुन्हा काढलं नाही. मी मनातल्या मनात घाटकोपरच्या दिशेला नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीप्रमाणे टेबलाच्या ह्या बाजूला खुर्ची ओढली. त्यानं एका कानातलं यंत्र काढलं.

"ताई, जरा बाहेर बसशील?"

"का रे?"

"पक्षकार यायचीय."

"मग येऊ दे की. मी काय आज नवीन आहे?"

तेवढ्यात पायऱ्यांशी चप्पल वाजली. मी ओळखलं त्या बाईंना. गेल्या वर्षभरात त्या अधूनमधून यायच्या, साहेब एकटे आहेत का विचारायच्या, आणि मी टेबलाशी दिसले की नंतर येते म्हणून जायच्या. मला वाटायचं, आंधळ्या वकिलाचा भरवसा वाटत नाही बिचारीला. एकदा तर मी तिला अनंताच्या हुशारीबद्दल पायरीवर उभं करून चांगलं सुनावलंही होतं.

"त्यांनी मला फोनवर सांगितलं होतं," अनंता हळू आवाजात म्हणाला. "म्हणाल्या, वकीलसाहेब, तुम्हाला दिसत नाही ते बरंच आहे, पण तुमच्या ताई समोर बसतात आणि माझं सगळं त्या पडद्यावर वाचतात. ताई, त्यांचं घर आपल्याच आळीत आहे."

"मग मला आधी बोलला नाहीस ते?"

"बोलून काय करणार होतो? लॅपटॉप अडला की तूच लागायचीस."

मुंबईच्या सगळ्या उपनगरांनी मिळून मला असा धक्का दिला नव्हता. कागद घराबाहेर जाऊ नये म्हणून मी एवढी पायपीट केली, टॅबलेट नाकारला, मिलिंदला बोलले. मी खुर्ची जागेवर सरकवली आणि बाहेर आले. बाई पायरीवर उभ्या होत्या, हातात कागदांची पिशवी छातीशी धरलेली. "आत जा," मी म्हटलं, "साहेब एकटे आहेत." त्या उंबरठा ओलांडून आत गेल्या, आणि मागं वळून मी येते आहे का ते बघत उभ्या राहिल्या. मी बाहेरूनच दार ओढून घेतलं.